भेग

"काल वर डोंगराच्या सड्यावर कातळाच्या भेगेत काय ओतलंस गो?" शेवंतीने हंडा झऱ्याखालून ओढून घेतला. पाणी हिरवं झालं होतं.

"रंग आहे, मावशी. विषारी नाही." संशोधक मुलीने ओंजळभर पाणी पिऊन दाखवलं. "झऱ्याला पाणी कुठून येतं ते कळलं, की सड्यावर कुठे झाडी पुन्हा वाढवायची ते ठरवता येईल."

ती खरंच गिळतेय का, ते शेवंतीने नीट बघितलं. तरी तिचा विश्वास बसेना.

"त्या भेगेत पडेल ते सगळं इथे येतं?"

"सगळं."

शेवंतीने वर पाहिलं. तिच्या नवऱ्याची चिरेखाण सड्यावरच होती. मशीनचं जळकं ऑइल कुठे टाकता, असं तिने एकदा विचारलं होतं, तेव्हा तो हसून म्हणाला होता, "आहे एक भेग. कितीही ओता, भरत नाही."