कॉफी-मिरची

तिने चिप्सचा तुकडा तोंडात टाकला, कुरुमकुरुम चावला, गिळला. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

जीभकाकांनी चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"कसं आहे?"

"तुम्हीच सांगा की," बायको म्हणाली. "त्याचाच तर पगार घेता."

खरंच होतं ते. चिप्सच्या कारखान्यात सव्वीस वर्षं ते चव बघायचं काम करत होते. जीभकाकांची सही पडल्याशिवाय एकही नवी चव पाकिटात जायची नाही. सहीच्या आदल्या संध्याकाळी नमुना घरी यायचा. मक्याचे टॉर्टिया चिप्स एका पिशवीत आणि मसाला वेगळ्या पुडीत, म्हणजे सादळायला नको. बायको स्वयंपाकघरात दोन्ही मोठ्या झाकणात घोळवून आणून द्यायची. आजचे चिप्स काळ्या मक्याचे होते आणि चव होती कॉफी-मिरची. असलं काही कुणाच्या डोक्यातून निघतं देव जाणे!

पण तीन महिन्यांपूर्वी ताप आला, आणि जाताना काकांची चव आणि वास दोन्ही घेऊन गेला. गोड नाही, तिखट नाही, तोंडात नुसता भुसा. त्यांनी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला तर मुळीच नाही. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. ज्याला अख्खा कारखाना जीभ म्हणून ओळखतो, त्याने जीभच गेली हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

तारून नेलं ते बायकोच्या चेहऱ्याने. "तू आधी खा, गिऱ्हाईक म्हणून," असं म्हणत ते पहिला तुकडा तिला द्यायचे आणि टक लावून बघत बसायचे. लिंबू-आल्याला तिने एक डोळा गच्च मिटला. काकांनी लिहिलं, आंबट जास्त. मध-मोहरीला तिच्या नाकपुड्या फुगल्या. काकांनी लिहिलं, मोहरी नाकात जाते. एकदाही चूक निघाली नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून त्यांना वाटायचं, ही बाई कायम रुसलेलीच. आनंद नाही, राग नाही, भिंतीशी संसार! आणि आता उतारवयात कशी खुलली होती! ओट्याजवळच्या खिडकीत हल्ली छोटा आरसासुद्धा येऊन बसला होता. या वयात नटायची हौस, म्हणून काका मनातल्या मनात हसायचे.

आज मात्र ऐन वेळी ती भिंत परत आली होती.

काकांनी तुकडा तोंडात टाकला. भुसा. डोळे मिटून त्यांनी जाणकारासारखी मान हलवली.

"हं. कॉफी आधी येते, जराशी करपट. मिरची मागून घशाशी लागते. आचरटपणा आहे, पण जमलाय."

ती उठली. ओट्यावरच्या डब्यामागून मसाल्याची पुडी काढून तिने त्यांच्यापुढे ठेवली. पुडी फोडलेलीच नव्हती.

धरणीने पोटात घ्यावं, असं काकांना झालं.

"सकाळी तुम्ही आंबलेलं दूध प्यायलात, पेलाभर," ती म्हणाली. चेहरा तसाच होता, आवाज मात्र कापत होता. "मिशी पुसून वर छान आहे म्हणालात. उद्या मी घरात नसताना आणखी काही पोटात गेलं म्हणजे? घाबरले हो मी. म्हणून हा आगाऊपणा केला."

"तुला आज कळलं?"

"छे! तापातून उठलात त्याच दिवशी. भाजीला नावं ठेवली नाहीत तुम्ही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा! म्हटलं, माणूस एक तर सुधारला, नाहीतर बिघडला."

काकांना हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरले.

"मग बोलली का नाहीस?"

"आज सांगाल, उद्या सांगाल, म्हणून वाट बघितली. आता पुरे. उद्या अकराला डॉक्टरांकडे जायचंय, वेळ घेतलीय मी."

"आणि सही?"

"ती नाही करायची. साहेबांना खरं काय ते सांगून टाका. सव्वीस वर्षं नाव कमावलंत, ते असं घालवू नका."

काकांनी टेबलावरची ती पुडी उचलून उलटीसुलटी करून पाहिली.

"सांगतो," ते शेवटी म्हणाले. तीन महिन्यांत त्यांना इतकं हलकं वाटलं नव्हतं.

मग त्यांनी स्वतःच पुडी फोडली. झाकणात मसाला घोळवला, निम्मा टेबलावर सांडला, आणि एक तुकडा तिच्यापुढे धरला.

"घे. आता खरीखुरी चव सांग."

तिने खाल्ला. चेहरा ढिम्म.

"अगं, चांगलं की वाईट? मला काहीच कळत नाहीये!"

"झकास आहे. आणखी द्या."

"मग तोंड असं का?"

"माझं तोंड असंच आहे हो," दुसरा तुकडा उचलत ती म्हणाली. "बाकीची सगळी मी तुमच्यासाठी त्या आरशात बघून शिकले."