गुरुजींचं लिव्हर

"किती वर्षं पिताय?" रिपोर्ट बघत डॉक्टरांनी विचारलं.

"थेंबही घेतलेला नाही," तीस वर्षं दारूबंदीवर व्याख्यानं देणारे घोलप गुरुजी म्हणाले.

लिव्हर खराब झालं होतं ते मधुमेहाच्या गोळीने. तपासण्यांनंतर डॉक्टरांनी गोळी बदलली आणि तसं लिहूनही दिलं. गुरुजींनी ती चिठ्ठी गावभर दाखवली. लोक वाचायचे आणि गालात हसायचे. बायको रोज शिडी लावून माळ्यावर बाटली शोधायची.

शेवटी गावातला अट्टल दारुडा शिरपा घरी आला. गुरुजींच्या प्रत्येक व्याख्यानात त्याचंच उदाहरण असायचं.

"वैनी, गुरुजी पीत न्हाईत," तो म्हणाला. "पीत असते तर कवा ना कवा माझ्याशेजारी बसले असते."

बायकोने शिडी जागेवर ठेवली.

पुढच्या व्याख्यानात गुरुजींनी शिरपाचं उदाहरण गाळलं.