डावीकडचा गठ्ठा

"आणि ऑरिन, एक!" वायमन पेकने मतपत्रिका उंच धरून पुकारा केला आणि सभागृहात नेहमीसारखा हशा पिकला.

चार घड्या घातलेला तो कागद ऑरिन टटलचाच होता. गावात दुसरं कुणी मतपत्रिकेला चार घड्या घालत नसे आणि दुसरं कुणी डेमोक्रॅटांना मतही देत नसे. अध्यक्षपदाच्या दर निवडणुकीला, अठ्ठावीस वर्षं, हे असंच चाललं होतं. मोजणीला दोन्ही पक्षांचा माणूस लागतो, म्हणून रिपब्लिकनांचा वायमन बसायचा आणि समोर, दुसरा कुणी नव्हताच म्हणून, ऑरिन. उजवीकडे शंभरावर मतांचा गठ्ठा, डावीकडे एक कागद. शंभर वर्षांत अख्खं व्हरमाँट राज्य रिपब्लिकनांपासून कधी हललं नव्हतं, तिथे डोंगरातलं हे गाव काय हलणार!

मोजणीनंतर तळघरात जेवण आणि जेवणाची भांडी हरलेल्या पक्षाने घासायची, ही गावाची जुनी रीत. म्हणजे ऑरिनने. सिंकपाशी कुणीतरी न चुकता गरम पाण्याची किटली ठेवून जायचं, तेवढंच सुख. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, असं तो सांगायचा. पण वाटायचं. जिंकायची हाव नव्हती त्याला. मरायच्या आत एकदा डावीकडे दोन कागद दिसावेत, एवढंच मागणं होतं, आणि सत्तरी तर उलटून गेली होती.

वायमन उरलेल्या मतपत्रिका उरकत होता. घडी अर्धी उलगडायची, पाहिल्यासारखं करायचं आणि उजवीकडे टाकायची. हाताला सवयच झाली होती. त्यातला एक कागद पडता पडता उघडला आणि ऑरिनला फुली दिसली. डेमोक्रॅटांच्या रकान्यात.

त्याने डोळे चोळून पुन्हा पाहिलं. फुली तिथेच होती.

"वायमन, परत मोज."

"काय परत मोज? झालंय की सगळं."

"नीट उघडून मोज. एकेक."

"अरे ऑरिन, बीन्स गार होतायत!" मागून कुणीतरी ओरडलं. "एकाची दोन करून हवीत का तुला?"

ऑरिनचे कान तापले. एवढी एकच निघाली आणि बाकी सगळी उजवीकडचीच असली, तर पुढची चार वर्षं गाव त्याला सळो की पळो करून सोडणार होतं. तरी तो हटला नाही. "मी मागितलं की मोजायचं, असा नियम आहे," तो म्हणाला.

वायमन हट्टी होता, पण लबाड नव्हता. त्याने खिशातून चष्मा काढला आणि मोजणीच्या टेबलाशी पहिल्यांदाच नाकावर चढवला. पहिली मतपत्रिका पूर्ण उघडली, बराच वेळ पाहिली आणि डावीकडे ठेवली. दुसरी डावीकडे. तिसरी उजवीकडे. चौथी पुन्हा डावीकडे.

विसाव्या कागदापर्यंत हसणारे टेबलाभोवती जमले होते. ऑरिनने दोन कागद मागितले होते आणि त्याच्यापुढे गठ्ठा चढत होता. शेवटी वायमन उभा राहिला.

"उजवीकडे एक्कावन्न. आणि ऑरिन... चौसष्ट."

कुणी हसलं नाही. कोपऱ्यातला रेडिओ सांगत होता की अख्खं व्हरमाँटच यंदा डेमोक्रॅटांकडे झुकलंय.

खाली जेवण मुकाट्याने झालं. कुणी कुणाला काय दिलं, ते ज्याचं त्याला ठाऊक आणि सांगायची कुणाचीच तयारी नव्हती. वाढणारी हेस्टर, वायमनची बायको, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हरणाऱ्यांनो, उठा!" एक्कावन्नांतला एकही उठला नाही. सगळे ॲपल पायमधली सफरचंदं उकरत बसले. मग वायमनने कोट काढला, बाह्या सारल्या आणि एकटाच सिंककडे गेला.

ऑरिनने त्याची पाठ पाहिली. आज ॲपल पायचा दुसरा तुकडा जिंकणारा म्हणून त्याच्या हक्काचा होता, पण त्याने तो तसाच ठेवला. तो उठला आणि फडकं घेऊन वायमनशेजारी उभा राहिला.

"तू जिंकलायस ना? मग बस की जाऊन," वायमन गुरगुरला.

"बीन्सचा करपलेला थर तुला एकट्याला निघायचा नाही. अठ्ठावीस वर्षांचा अनुभव आहे माझा."

"पाणी केवढं गार आहे रे! कधी बोलला नाहीस ते."

"किटली असते की दर वेळी. इथेच असते." ऑरिनने इकडेतिकडे पाहिलं.

तेवढ्यात हेस्टर आली. हातात वाफाळती किटली होती. ती तिने नेहमीच्याच जागी ठेवली. वायमनने आधी किटलीकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"तू ठेवायचीस? याच्यासाठी? दर वेळी?"

"दर वेळी," हेस्टर म्हणाली. "आणि मतंही दर वेळी दोन होती, वायमन. चष्मा लावला असतास तर दिसली असती."

ऑरिनच्या हातातली ताटली केव्हाच कोरडी झाली होती, तरी तो ती पुसतच राहिला.