नणंदेची आवडती गोष्ट

जेवताना नणंदेनं फोन भावापुढे नाचवला. “दादा, आमच्या आवडत्या मालिकेवर कुणा चाहतीनं कथा लिहिलीय. मूळ मालिका तिच्यापुढे पाणी भरेल! वाचकगटात सगळ्यांना वाचायला लावली, आता पाळी वहिनीची.” वहिनीनं हातातला घास परत ताटात ठेवला. टोपणनावानं ती कथा तिनंच लिहिली होती. “नवरा मारतो म्हणून नायिका पळून जायचं ठरवते आणि तिकिटं कुठे लपवते, माहितेय? पिठाच्या डब्यात! लिहिणारीनं स्वतः केलेलं असणार, नाहीतर असलं सुचतंय कुणाला!” हे सुचलेलं नव्हतंच. उद्याची दोन तिकिटं, तिचं आणि लेकीचं, घरच्याच डब्याच्या तळाशी होती. “वाचेन सवडीनं,” ती कशीबशी म्हणाली. नणंद हिरमुसली. नवऱ्यानं मात्र फोन घेतला, शांतपणे तेवढंच पान वाचलं आणि ताट बाजूला सारलं. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यानं स्वयंपाकघराकडे पाहत विचारलं, “आपल्याकडे पीठ कुठे असतं गं?”