साडूसाठी निवडलेला गेम

"संपला एकदाचा!" धाकट्या साडूने गेमचा डबा कॅन्टीनच्या टेबलावर ठेवला. "आता पुढचा कुठला, साडूभाऊ?"

थोरल्या साडूने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. डोळे लाल, दाढी वाढलेली, बोलता बोलता जांभया. थोरल्याच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"तब्येतीला जपा हो," असं वर म्हणत त्याने पिशवीतून दोन डबे काढले. "हा समुद्रातला. शंभरावर बेटं आहेत, वाटेल तिथे नाव लावा. आणि हा राज्याचा. आधी आपला माणूस घडवायचा, मग गावोगाव हिंडून साथीदार जमवायचे. मन झालं तर लढाई, नाहीतर नुसतं भटकत बसा."

"तुम्हीच सांगा. तुमची निवड कधी चुकत नाही."

"मग राज्याचाच घ्या. समुद्राचा साठ तासांत आटपतो. हा दीडशेच्या आत ऐकत नाही."

धाकट्याने डबा छातीशी धरला. थोरल्याला त्या क्षणी त्याची थोडीसुद्धा दया आली नाही.

दोघे सख्ख्या बहिणींचे नवरे. शिड्या बनवणाऱ्या कारखान्यात, तपासणी विभागात, बारा वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर बसून एकमेकांना पाण्यात पाहत होते. एकाने फ्रीज घेतला की महिन्याभरात दुसऱ्याच्या घरी त्याहून उंच फ्रीज यायचा. आता मुख्य तपासनीस निवृत्त होणार होते. खुर्ची एक, लेखी परीक्षा एक, आणि उमेदवार हे दोघे. जो हरेल त्याने उरलेली नोकरी दुसऱ्याच्या हाताखाली काढायची. साडूला रोज सकाळी 'साहेब' म्हणायचं, या कल्पनेनेच थोरल्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

धाकट्याचं गेमचं वेड जगजाहीर होतं. एकदा एका गेमपायी त्याने तापाचं निमित्त करून तीन दिवस रजा टाकली होती. थोरल्याने नेमकी ही नस पकडली. परीक्षेला तीन महिने असताना त्याने पहिला गेम प्रेमाने भेट दिला. मग दुसरा, मग तिसरा.

पण थोरला हाडाचा तपासनीस. शिडीच्या प्रत्येक पायरीवर स्वतः उभं राहिल्याशिवाय त्याने कधी शिक्का मारला नव्हता. गेम फुसका निघाला तर? धाकटा कंटाळायचा आणि पुस्तक उघडायचा. म्हणून त्याने जुन्या बाजारातून गेमचं यंत्र आणलं आणि प्रत्येक गेमच्या दोन प्रती घ्यायला सुरुवात केली. एक साडूला, एक तपासणीला.

तेवढ्यावर भागत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत धाकटा तोंड पाडून यायचा. "तो बर्फातला पूल काही केल्या ओलांडता येत नाही. सोडून द्यावा म्हणतो." थोरला घाईघाईने म्हणायचा, "सोडताय काय? उद्या सांगतो!" मग घरी जाऊन तो चपला काढायच्या आधी टीव्ही लावायचा. दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा उघडायच्या आत तो मीठ, चमचे, ग्लास टेबलावर मांडून पूल, दरी आणि पहारेकरी समजावून सांगायचा. धाकटा गाल हातावर ठेवून ऐकायचा, मध्येच म्हणायचा, "अरे वा! मग?" आणि थोरल्याला आणखी चेव चढायचा. सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी दोघांचं बोलणं संपत नसे. कारखान्यातले लोक चकित झाले होते. या दोघांचं जमलं कधी?

"तुम्ही स्वतःचं पुस्तक कधी उघडणार?" बायकोने एकदा विचारलं.

"आधी त्याचं मिटवतोय," टीव्हीवरची नजर न हलवता तो म्हणाला. बारा वर्षं शिड्याच तर तपासतोय, शेवटच्या आठवड्यात चाळलं की झालं, असा त्याचा हिशेब होता. शेवटच्या आठवड्यात धाकट्याचे साथीदार राज्याच्या वेशीवर अडकले.

निकाल फलकावर लागला. धाकटा पास. थोरला नापास, आणि तोही थोडाथोडका नाही.

तो तडक आत गेला. धाकटा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून मुख्य तपासनीसांच्या खुर्चीवर बसला होता. डोळे अजून लालच होते.

"दीडशे तास खेळून अभ्यास केलात कधी?" थोरल्याचा आवाज चढला.

"बसा," धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजात आता जांभई नव्हती, ओलावाही नव्हता. "मी एकही गेम लावला नाही. पहिला दिलात त्याच दिवशी तुमचा डाव ओळखला. रोज इंटरनेटवर बघून एक अडचण पाठ करायची, तुमच्यासमोर रडायचं आणि घरी जाऊन पुस्तक धरायचं. तपासल्याशिवाय तुम्ही कुणाला काही देत नाही, हे बारा वर्षं शेजारच्या टेबलावरून बघतोय."

थोरला उभाच राहिला. खुर्ची गेल्याचं दुःख त्याला झालं, पण ते घरी पोचल्यावर. त्या घडीला त्याच्या जिव्हारी लागलं ते वेगळंच. तीन महिने तो रोज ज्या सोबत्याच्या ओढीने जेवणाची सुट्टी व्हायची वाट पाहत होता, तो सोबती खेळात कधी नव्हताच.