पिवळी काच

"जोर नको लावू. पाणी सोड अन् हात फिरव," टिकाराम म्हणाला.

उर्वशीनं व्हॅनच्या दिव्यावर मगातलं पाणी ओतलं आणि पाणीपेपर, म्हणजे ओला करून घासायचा पॉलिशपेपर, पुन्हा फिरवायला घेतला. रंगावर ओरखडे उठू नयेत म्हणून बापलेकीनं दिव्याभोवती आधीच चिकटपट्टी लावली होती. म्हणायला काच, असते ती प्लास्टिकचीच. उन्हात उभी राहून राहून हळदीच्या पाण्यासारखी पिवळी पडली होती. घासलं की पिवळा ओघळ निघायचा आणि काच पहिल्यापेक्षा जास्तच पांढरट दिसायची.

"बाबा, हे तं बिघडून राहिलं."

"आधी बिघडतेच. बारीक पेपर लागला का उघडते."

गेल्या आठवड्यात फोन आला तेव्हा उर्वशी जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये रात्रीच्या पोळ्या लाटत होती. शेजारचा धनीराम बोलत होता. तुझ्या बाबाची गाडी तलावात गेली, पण बाबा बरे आहेत, घाबरू नको, असं तो म्हणाला. घाबरू नको म्हटलं की माणूस हमखास घाबरतो. नवऱ्यावर दोन्ही पोरं सोपवून ती पहिल्या गाडीनं तुमसरला आणि तिथून आंबागडच्या बाजूला असलेल्या माहेरी पोचली होती.

बाबा खाटेवर बसून होते. हातापायाला खरचटण्यापलीकडे काही नव्हतं. व्हॅन तलावाच्या पाळीवरून, मातीच्या बांधावरून, उतरून बेशरमीच्या झुडपांत अडकली, तोंड तेवढं पाण्यात गेलं. मागच्या गल्लीतल्या ललिताबाईनं धावत जाऊन त्यांना बाहेर ओढलं होतं.

झालं कसं, असं उर्वशीनं विचारलं.

"समोरचं काही दिसेच ना मले," तो म्हणाला.

उर्वशी अंगणात गेली. ट्रॅक्टरनं ओढून आणलेली व्हॅन चिखलानं माखून उभी होती. तिनं पदरानं दिवा पुसला. आतला बल्बही दिसत नव्हता. आई असताना चेष्टेनं म्हणायची, तुमच्या गाडीचा दिवा पाहायला दुसरा दिवा लागते. ते आठवलं आणि उर्वशीला रडू आलं. आई फाल्गुनात गेली. ती असती तर असल्या दिव्यांवर तिनं बाबांना गावाबाहेर जाऊ दिलं नसतं.

मग मात्र उर्वशी बाबांना खूप बोलली. असे दिवे घेऊन निघालातच कायले, म्हणाली. टिकारामनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. चूक झाली, एवढंच म्हणाला. तिनं गाडीची किल्ली काढून आपल्या पर्समध्ये टाकली.

पण किल्ली घेऊन प्रश्न सुटत नव्हता. जवाहरनगरला चला म्हटलं तर बाबा ऐकत नव्हते. गावातल्या बायांना भाजी विकायला तुमसरच्या बाजाराला नेणं-आणणं, एवढाच काय तो त्यांचा माणसांत राहण्याचा धागा उरला होता. तोही तोडला तर रिकामं घर त्यांना खायला उठणार. आणि उर्वशीला तरी किती दिवस राहता येणार होतं? तिकडे पोरांची शाळा बुडत होती. बाबांना सुखरूप ठेवून निघायचं, याच एका काळजीनं ती आतून पोखरली गेली होती. म्हणून मेकॅनिकनं इंजिन सुरू करून दिल्याबरोबर तिनं दिव्यांचं काम हातात घेतलं.

आता दोघं एकेका दिव्यापाशी बसून घासत होती. टिकारामला घाई नव्हती. बारीक पेपर झाला, मग मलमासारखं रबिंग लावून फडक्यानं घोटणं झालं. काचेतून बल्ब दिसू लागला तशी उर्वशी लहान पोरीसारखी हरखली. शेवटी तिनं लॅकरचा फवारा मारला. हा लावला नाही तर काच पुन्हा पिवळी पडते, असं बाबांनीच सांगितलं होतं.

काम करता करता ती म्हणाली, ललिताबाईला भेटून येते, तिचे उपकार कसे फेडायचे.

"कायले जातेस? मी सांगतलं न तिले," टिकाराम म्हणाला. "धानाच्या रोवणीचे दिवस आहेत. दिवसभर चिखलात राहते बिचारी."

दिवेलागणीला त्यांनी व्हॅन गोठ्याच्या भिंतीसमोर उभी केली. उर्वशीनं बटण दाबलं. भिंतीवरच्या गोवऱ्यांवरचे बोटांचे ठसेसुद्धा स्पष्ट दिसले.

"आता दिसून राहिलं का, बाबा?"

"सगळं दिसून राहिलं. तू आता बेफिकीर जाय."

त्या रात्री बऱ्याच दिवसांनी तिला शांत झोप लागली. सकाळी तिनं बाबांसाठी भाजी-भात करून ठेवला, त्यांच्या पाया पडली आणि पर्समधली किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. टिकारामनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तो जरा जास्तच वेळ फिरवला, पण लेक निघताना बापाचं असं होतंच.

एस.टी.चा थांबा तलावाच्या पाळीलाच होता. बाजूच्या धानाच्या बांधीत बायांची रोवणी चालली होती. त्यात ललिताबाई दिसली तेव्हा उर्वशीला राहवलं नाही. तिनं हाक मारली. ललिताबाई चिखलाचे हात लुगड्याला पुसत बांधावर आली. उर्वशीनं वाकून तिचे पाय धरले, तशी ती संकोचून मागे सरली.

तुम्ही होतात म्हणून माझा बाप वाचला, उर्वशी म्हणाली. आता काळजी नाही, दिवे चकचकीत करून दिले आहेत, अंधारातही लांबचं दिसेल.

कसले दिवे, तेच ललिताबाईला कळेना.

"अंधार कुठचा वो बाई? आमी भरदुपारी याच पाळीवर शिदोरी सोडून बसलो होतो. टिकारामभाऊची गाडी आली तं आमी म्हनलं, या भाऊ जेवाले. त्याइनं गाडी थांबवली, आमाले सगळ्याइले हात जोडले, अन् मंग तलावाकडं वळवली."