उद्या परत सांग

"आई, शब्द दिसतो कसा ते बघू नकोस, वाक्यात तो काम काय करतो ते बघ!" इंग्रजीची शिकवणी घेणारी लेक पुढचा धडा रोज आधी आईलाच शिकवून बघायची. 'स्विमिंग इज फन' मधलं स्विमिंग क्रियापदासारखं दिसतं, पण काम करतं नामाचं, हे तिने आठवडाभर सांगितलं. शिलाई मशीनवरची आई नुसती मान हलवायची. "नाही गं बाई शिरत डोक्यात. उद्या परत सांग."

"धन्य आहेस! तुला कळेल ना, त्या दिवशी माझ्या शिकवणीच्या पोरांना तूच शिकवायचंस. कबूल?"

"कबूल," म्हणून आई हसायची.

लेक अपघातात गेली, त्याला आज महिना झाला. मुलं त्याच धड्यापाशी अडली होती. आईने ओट्यावर फडकं म्हणून वापरलेला नवऱ्याचा जुना शर्ट धुऊन पिशवीत घातला. 'हा बघा, दिसायला शर्ट, पण काम करतो फडक्याचं,' असं ती मुलांना सांगणार होती. लेकीची खडूची डबी घेऊन तिने हळूच दार ओढून घेतलं.


धडा तिला पहिल्याच संध्याकाळी कळला होता. पण तसं म्हटलं असतं, तर लेक तिच्याजवळून उठून गेली असती.